विकतच्या पेस्ट्री शीटमधून फळांच्या पेस्ट्र्या: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बाहेरून पापुद्रे सुटलेली आणि आत फळाचं सारण भरलेली पेस्ट्री घरी करायची म्हटलं की धडकी भरते ती पिठाची. ती भीती खोटी नाही. पफ पेस्ट्रीचं पीठ करायचं म्हणजे मैद्याच्या पोटात लोण्याचा थर ठेवायचा, लाटायचं, तिपदरी घडी घालायची, फ्रिजमध्ये थंड करायचं आणि पुन्हा लाटायचं. अशा सहा फेऱ्या झाल्या की लोण्याचे 729 थर होतात आणि त्यात अख्खा दिवस जातो. तयार शीट विकत आणली की हे सगळं यंत्राने आधीच केलेलं असतं, आणि नवशिक्याच्या हाताने होईल त्यापेक्षा नक्कीच जास्त एकसारखं. त्यामुळे विकतच्या पिठाबद्दल ओशाळायचं काही कारण नाही.

मग आपल्या हातात उरतं काय? पाणी सांभाळणं. पेस्ट्री फुगते तीही पाण्यामुळे आणि बिघडते तीही पाण्यामुळेच.

पफ पेस्ट्रीत यीस्ट नसतं, बेकिंग पावडरही नसते. पिठातलं पाणी आणि लोण्यातलं पाणी (लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असतं) ओव्हनच्या उष्णतेने वाफ होऊन बाहेर पडू बघतं आणि पिठाचे थर वर उचलतं. मधलं लोणी एका थराला दुसऱ्याला चिकटू देत नाही. एवढीच यातली किमया आहे. यावरून तीन गोष्टी आपोआप कळतात. ओव्हनमध्ये जाण्याआधीच लोणी वितळलं तर थर एकमेकांत मिसळून जातात. ओव्हन पुरेसा तापलेला नसला तर वाफ जोर धरण्याआधी लोणी वितळून ट्रेवर वाहतं. आणि फळाचा रस तळाशी झिरपला तर तिथलं पीठ भाजलं न जाता उकडलं जातं आणि कच्चट राहतं. सफरचंदात साधारण 85 टक्के पाणी असतं, स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या वर. पुढची बहुतेक खटपट या पाण्याला आवर घालण्यासाठीच आहे.

कोणतं पीठ आणायचं

पहिल्या वेळी पफ पेस्ट्रीच आणा, आणि तीही लाटून शीट केलेली. वडीच्या आकाराच्या ठोकळ्यात मिळते ती स्वतः लाटावी लागते, त्यात हाताची उष्णता आणि वेळ दोन्ही जातात. शॉर्टक्रस्ट म्हणून मिळतं ते पीठ फुगत नाही, बिस्किटासारखं भुसभुशीत होतं. ते टार्टला छान, पण घडी घालताना तडकतं. फिलोचे कागदासारखे पातळ ताव उघड्यावर काही मिनिटांत वाळून तुटायला लागतात. त्यांच्यावर ओलसर कापड झाकायचं आणि प्रत्येक तावाला वितळलेलं लोणी लावत बसायचं, म्हणून ते पुढच्या खेपेला. डब्याच्या नळकांड्यात दाबून भरलेलं क्रॉसाँचं पीठ सोपं असतं, पण त्यात फुगवणारा पदार्थ घातलेला असतो, त्यामुळे पेस्ट्री पापुद्र्यांपेक्षा पावाच्या अंगाने जाते. ते नळकांडं फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही.

पाकिटावरची घटकांची यादी मात्र वाचा. काही शीटमध्ये लोणी असतं, काहींत वनस्पती तेलाचा घट्ट स्निग्ध पदार्थ. चवीला लोण्याचीच सरस, यात वाद नाही. पण लोणी लवकर मऊ पडतं. स्वयंपाकघरात फार उकडत असेल तर तेलाच्या शीटवर पहिला हात बसवायला हरकत नाही, ती जरा जास्त वेळ घट्ट राहते. दूध-लोणी न खाणाऱ्यांनाही तीच बहुधा चालते, तरी यादी वाचून खात्री करा.

शीट गोठलेली असेल तर आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवा. घाईच असेल तर पाकीट न उघडता 30 ते 40 मिनिटं बाहेर ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये किंवा शेगडीशेजारी ठेवून मऊ करायला जाऊ नका, बाहेरचं लोणी वितळतं आणि आतलं पीठ दगडच राहतं. घडी उलगडताना तडा जात असेल तर अजून पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटत असेल तर परत फ्रिजमध्ये. हाताला गार लागते पण मोडत नाही, अशी शीट कामाची. लहानसा तडा गेलाच तर ओल्या बोटाने दाबून सांधता येतो.

पण शीट बाहेर काढायच्या आधी सारण करून ठेवा. ते पूर्ण गार व्हायला वेळ लागतो.

सारण: इथे घाई नको

सफरचंदापासून सुरुवात करा, ते शिजलं तरी आकार सोडत नाही. साधारण 25 सेंटिमीटर चौरस शीटसाठी दोन मध्यम सफरचंदं, तीन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा लोणी, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ, दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक लहान चमचा लिंबाचा रस. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरंशुभ्र, बोटांना गुळगुळीत लागणारं. मक्याचं पिवळं पीठ इथे चालणार नाही.

सफरचंदं सोलून सेंटिमीटरभर फोडी करा. पसरट पॅनमध्ये लोणी तापवून त्यात फोडी, साखर, मीठ आणि दालचिनी घाला. साखर पडली की फळाला पाणी सुटतं, आणि आपल्याला तेच हवंय. ते पाणी पेस्ट्रीत सुटण्याऐवजी पॅनमध्ये सुटलेलं बरं. झाकण ठेवू नका, नाहीतर वाफ परत आतच पडते. मध्यम आचेवर सहा ते आठ मिनिटांत फोडी मऊ होतात, पण टोचल्यावर थोड्या करकरीत लागल्या पाहिजेत, कारण ओव्हनमध्ये त्या आणखी शिजणार आहेत. पार शिजवल्या तर शेवटी हाती लगदाच येतो.

आता कॉर्नफ्लोअर एका मोठ्या चमच्याभर थंड पाण्यात कालवून ओता. गरम सारणात कोरडं भुरभुरलं तर गुठळ्या होतात. सुरुवातीला सगळं दुधाळ दिसेल. बुडबुडे यायला लागल्यावर मिनिटभर ढवळत राहा, दुधाळपणा जाऊन रस तुकतुकीत दिसायला लागेल. मग गॅस बंद करून लिंबाचा रस घाला. तो आधी घालून फार वेळ उकळला तर आंबटपणामुळे कॉर्नफ्लोअरचा दाटपणा कमी होतो.

दाटपणा पुरेसा आहे का, हे बघायला पॅनच्या तळावरून चमचा ओढा. मागे उमटलेली वाट दोन-तीन सेकंद तशीच राहिली तर सारण झालं. लगेच भरून आली तर अजून थोडं आटवा. मग ताटात पातळ पसरून गार करा आणि वर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. कोमट सारण भरलं की खालचं लोणी तिथल्या तिथे वितळतं, आणि मग शीट कितीही जपून हाताळलेली असो, उपयोग नाही. गार झाल्यावर सारण आणखी आळतं, हा वरचा फायदा.

चाखून बघा. शीट बहुतेक वेळा अगोडच असते, त्यामुळे सारण नुसतं खायला जरा जास्त गोड वाटलं तर ते योग्य आहे. पण आंबटपणा पाहिजेच, नाहीतर लोणी आणि साखर मिळून चव मिणमिणीत होते.

बाकीच्या फळांना हीच रीत, फक्त पाण्याच्या हिशोबाने बदल करायचा. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, चेरी अशा रसाळ फळांना पाव किलोमागे एक मोठा चमचाभर कॉर्नफ्लोअर लागतं. गोठवलेली फळं असतील तर वितळवत बसू नका, थेट पॅनमध्ये टाका आणि सुटलेलं पाणी आटू द्या. अननसाचे तुकडे बारीक करा आणि रस जवळजवळ संपेपर्यंत परता. पेअर, पीच, आंबा पिकलेले पण घट्ट हवेत. नुसता आंब्याचा रस असेल तर तो आटवून दाट करावा लागेल, आणि साखर अगदी बेताची. डबाबंद फळं चाळणीत निथळून, कोरडी पुसून घ्या. केळं शिजवायची गरज नाही, चकत्यांना लिंबू चोळून चॉकलेटच्या दोन-तीन तुकड्यांबरोबर भरलं की झालं. पहिल्याच प्रयत्नात हमखास जमणारं हेच आहे. कलिंगड आणि संत्र्याच्या नादी लागू नका, त्यांचं पाणी आवरत नाही.

जॅम वापरायचा असेल तर एकटा भरू नका. तापला की तो पातळ होतो आणि जिथे फट मिळेल तिथून बाहेर येतो. चमचाभर जॅम फळांच्या फोडींना चोळला तर छान लागतो.

एक विमा म्हणून, सारणाखाली लहान चमचाभर बिस्किटाचा चुरा किंवा बदामाची पूड पसरा. उरलासुरला रस ती पिऊन टाकते आणि तळ कोरडा राहतो.

आकार

पहिल्यांदा उघडी पेस्ट्री करा. तिला मिटायचं नसतं, त्यामुळे फुटण्याचा प्रश्नच नाही, आणि दिसायला ती बंद पेस्ट्रीपेक्षा देखणी असते. शीट बेकिंग पेपरवर ठेवूनच कापा म्हणजे उचलताना आकार बिघडत नाही. मेणाचा कागद मात्र ओव्हनमध्ये चालत नाही. धारदार सुरीने चार चौकोन करा, प्रत्येकी साधारण 12 सेंटिमीटरचे. सुरी फरफटत ओढायची नाही, सरळ खाली दाबायची. ओढली की कडेचे थर एकमेकांना चिकटतात आणि पेस्ट्री तिथे फुगत नाही. एका बाजूने उंच आणि दुसरीकडून बसकी झालेली पेस्ट्री बहुतेक वेळा बोथट सुरीचं काम असतं.

प्रत्येक चौकोनाला काठापासून सेंटिमीटरभर आत सुरीच्या टोकाने चौकट आखा, पण आरपार कापू नका. चौकटीच्या आतल्या भागाला काट्याने भरपूर टोचे मारा. टोचलेल्या जागेतून वाफ निघून जाते आणि मधला भाग बसका राहतो, काठ मात्र उंच उठतात. फळ आपोआप खोलगट जागेत बसतं. मध्ये बदामाची पूड भुरभुरून त्यावर सारण पसरा. सफरचंदाच्या अगदी पातळ कच्च्या चकत्या एकावर एक सरकवून लावल्या तरी चालतात. त्या पातळ असल्याने पाणी ओव्हनमध्येच उडून जातं, सारण शिजवायची कटकटच नाही.

हात बसला की त्रिकोण. त्याच चौकोनाच्या एका अर्ध्या भागात दीड मोठा चमचा सारण ठेवा. दीडच. चौकोन रिकामा वाटेल, अजून एक चमचा घालायचा मोह होईल, तो आवरा. बंद पेस्ट्री फुटण्याचं पहिलं कारण ठासून भरलेलं सारण हेच असतं. काठाचा दीड सेंटिमीटर पूर्ण स्वच्छ ठेवा, तिथे रस लागला तर काठ जुळत नाही. दोन बाजूंना बोटाने पाण्याचा हलका हात फिरवा, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घाला, आतली हवा बोटांनी बाहेर काढा आणि मग काठ दाबा. वरून काट्याने दाबून रेघा उमटवा. मुरड घालता येत असेल तर उत्तम, पण हलक्या हाताने. वर सुरीने दोन-तीन चिरा द्या. वाफेला वाट ठेवली नाही तर ती स्वतः वाट काढते, आणि ती नेमकी काठातून.

वेणीचा आकार दिसायला अवघड, करायला सोपा. अख्ख्या शीटच्या मधल्या तिसऱ्या भागावर सारण पसरा, दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या कापा आणि एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची अशा वर आणून टेकवा. भाजून झाल्यावर तुकडे कापा. पाहुण्यांसाठी हे बरं.

यात कुठेही शीट मऊ पडली, चिकटायला लागली तर हट्ट करू नका. कागदासकट उचलून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. आणि सगळ्या पेस्ट्र्या तयार झाल्या की ट्रेसकट 15 ते 20 मिनिटं फ्रिजमध्ये जाऊ द्याच. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि मग ट्रेवर तुपाचं तळं का झालं म्हणून विचारतात.

भाजणं

पेस्ट्र्या फ्रिजमध्ये असताना ओव्हन 200 अंश सेल्सिअसला तापत ठेवा, पंख्याचा ओव्हन असेल तर 180 ते 190 अंश. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं समजू नका, आणखी पाच-दहा मिनिटं द्या.

फ्रिजमधून काढल्या काढल्या वरून ब्रशने अंडं लावा. एक अंडं आणि चमचाभर दूध फेटून घ्यायचं. कापलेल्या कडांवरून ते खाली ओघळू देऊ नका. अंडं वाळून थर चिकटतात आणि पेस्ट्री त्या बाजूने अडून बसते. अंडं नको असेल तर दुधात थोडी साखर विरघळवून लावा. चकाकी कमी येते, रंग मात्र चांगला येतो. वर चिमूटभर जाडसर साखर भुरभुरली की कुरकुरीत कवच मिळतं.

ट्रे मधल्या किंवा त्याच्या एक घर खालच्या रांगेत ठेवा, तळाला उष्णता नीट मिळते. दोन पेस्ट्र्यांत दोन बोटं जागा सोडा. उघड्या पेस्ट्रीला 18 ते 22 मिनिटं, त्रिकोणांना 22 ते 25, वेणीला 30च्या आसपास. पहिली 15 मिनिटं दार उघडू नका. थर अजून वाफेवर उभे असतात, पीठ कडक झालेलं नसतं, गार हवा लागली की बसतात.

घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवा. फिक्कट सोनेरी रंग दिसला की बहुतेकजण बाहेर काढतात आणि आतले थर कच्चे राहतात. रंग गडद सोनेरी, तपकिरीकडे झुकणारा हवा. उलथण्याने एक पेस्ट्री उचलून तळ बघा. तोही तसाच तांबूस आणि कोरडा असला तरच झाली. वरचा भाग आधीच गडद झाला असेल तर अॅल्युमिनियमची फॉइल सैल टाकून तळ होऊ द्या. कडेने थोडा रस बाहेर येऊन करपला तर घाबरू नका, तो बिस्किटाच्या तुकड्यासारखा तोडता येतो आणि कित्येकांना तोच आवडतो.

ओटीजीत वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा. एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर 12 ते 15 मिनिटं लागतात. एका वेळी दोन-तीनच ठेवा, आणि शक्यतो बंद आकाराच्या, कारण आतल्या वाऱ्याने उघड्या पेस्ट्रीवरच्या हलक्या चकत्या उडतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, त्यात पीठ भाजलंच जात नाही. कन्व्हेक्शनची सोय असेल तर तो ओव्हनसारखाच वापरा.

बाहेर काढल्यावर

लगेच खाऊ नका. बाहेरून कोमट वाटली तरी आतलं साखरेचं सारण जीभ पोळण्याइतकं गरम असतं. पाच मिनिटांनी ट्रेवरून जाळीवर काढा. सपाट ताटात ठेवली तर खाली वाफ कोंडून, इतक्या कष्टाने कोरडा ठेवलेला तळ ओला होतो. पंधरा-वीस मिनिटांनी चव खुलते. वरून साखरेची धार सोडायची असेल तर अर्धी वाटी आयसिंग शुगर दोन-तीन लहान चमचे दुधात कालवा आणि पेस्ट्री गार झाल्यावरच सोडा. उघड्या पेस्ट्रीतल्या फळांना चमक हवी असेल तर चमचाभर जॅम थोड्या पाण्याबरोबर गरम करून ब्रशने लावा.

त्याच दिवशी खाल्लेली पेस्ट्री सगळ्यात चांगली. उरली तर पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी ती मऊ पडलेली असेल, 180 अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. सारणात क्रीम किंवा चीज घातलं असेल तर मात्र फ्रिजमध्येच ठेवावी लागेल.

पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर पेस्ट्र्या दुपारी भरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि ऐनवेळी अंडं लावून भाजा. मात्र एकदा वितळलेलं कच्चं पीठ पुन्हा फ्रीझरमध्ये टाकू नका.

कापताना निघालेल्या कडा आणि कोपरे मळून गोळा करू नका, थर मोडतात. ते एकावर एक ठेवून हलकं लाटा, साखर आणि दालचिनी भुरभुरा, बोटभर रुंद पट्ट्या कापून पिळा आणि त्याच ट्रेच्या कोपऱ्यात लावा. त्या साधारण पंधरा मिनिटांत होतात, म्हणजे पेस्ट्री बाहेर येण्याआधीच. काढताना ओव्हनचं दार मात्र पटकन लावा.